परिषदेचं वाक्य आणि जेसिंताची मुलगी

हे माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. नवऱ्याने नाही, आईने नाही. पापनिवेदनाला जाळीपलीकडे बसलेल्या फादरनीसुद्धा नाही — तिथे मी ‘घरात एकदा कठोर बोलले’ एवढंच पुटपुटले आणि क्षमा घेऊन बाहेर आले. कठोर बोलले! काय सोज्वळ शब्द शोधला होता मी! अजून आठवला की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मी वसईची, कॅथलिक. नवरा रिफायनरीत लागला म्हणून बडोद्याला आले, सुभानपुऱ्यात घर केलं. आमच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, गुजरातीत, मराठी घरं मोजकीच. दर रविवारी मी मुलांना धर्मशिक्षण देते. सगळे मला टीचरबेन म्हणतात. शंका आली की म्हणतात, टीचरबेनला विचारा, त्यांना पक्कं माहीत असतं.

माहीत होतंच. तोच तर संताप आहे.

जगभरचे बिशप पोपसह परिषदेला बसतात आणि श्रद्धेची एखादी गोष्ट कायमची ठरवून सांगतात, तेव्हा ती आम्हा सगळ्यांवर बंधनकारक असते आणि तिच्यात चूक नसते — हे मी तेव्हाही मानत होते, आजही मानते. माझं भांडण परिषदेशी नाही. पण परिषदेचं प्रत्येक वाक्य त्या तोलाचं नसतं. काही नुसते नियम असतात, ते पुढे बदलतात. आणि जे कायमचं ठरवलेलं असतं तेही जेवढं म्हटलंय तेवढंच — त्यापुढे बोटभरही ओढायचं नाही. हे मी मुलांना फळ्यावर लिहून शिकवत होते. मग मोठ्या माणसांत, घरच्या माणसांत, मी काय केलं?

माझा धाकटा दीर अनिल बडोद्याजवळच्या सावली गावात एका कारखान्यात होता. तो आणि त्याची बायको जेसिंता तिकडेच राहायचे, मिस्साला मात्र आमच्याच चर्चला यायचे. त्यांना मुलगी झाली. बाप्तिस्मा लांबला, कारण धर्ममाता म्हणून, विधीत बाळाची जबाबदारी घ्यायला, जेसिंताची बहीण मस्कतहून यायची होती. मला कुणी विचारलंच नाही. थोरली जाऊ मी, धर्म शिकवणारी मी — आणि धर्ममाता मस्कतची! हसू नका. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस किती खाली जातं, ते ऐका.

मुलीला ताप आला. दवाखान्यात नेईनेईतो छाती भरली. सगळे डॉक्टरांच्या मागे धावत होते. बाप्तिस्म्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मुलगी गेली.

घरी आणल्यावर जेसिंता भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. मी जवळ बसले तसा तिने माझा हात धरला. “ताई, तुम्ही शिकलेल्या. खरं सांगा, माझी पोर आता कुठे असेल?”

काय सांगायला हवं होतं? मला पाठ होतं. एका जुन्या परिषदेत, आदिपाप — जन्मतःच असलेलं, बाप्तिस्म्याने धुतलं जाणारं पाप — घेऊन मरणारे नरकात जातात, असं एक कडक वाक्य आहे. पण त्या वाक्यात तान्ह्या बाळांचं नाव नाही. त्यांचं काय होतं, हे कुठल्याच परिषदेने कायमचं ठरवलेलं नाही. उलट, अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवा, त्यांच्यासाठी आशा धरा, असंच आज चर्च शिकवतं. त्यांच्या अंत्यविधीच्या प्रार्थनाही आहेत. हे सगळं माझ्या जिभेवर होतं.

मी म्हणाले, “बाप्तिस्म्याशिवाय स्वर्ग नाही, जेसिंता. परिषदेने ठरवलंय. परिषद चुकत नाही.”

तिचा हात माझ्या हातातून गळून पडला. आणि मला क्षणभर बरं वाटलं.

अनिलने विचारलं, “वहिनी, फादरना बोलावू?” मी घाबरले. फादर आले असते तर जेसिंताजवळ बसून नेमकं उलटं बोलले असते. चारचौघांत टीचरबेन खोटी पडली असती! मी म्हटलं, थांब, मीच विचारते. फोन घेऊन अंगणात गेले. कुणालाही न लावता थोडा वेळ उभी राहिले आणि आत येऊन सांगितलं, “फादर म्हणाले, अशा बाळाचा विधी होत नाही.”

अनिल आणि माझा नवरा मुलीला घेऊन गेले. कब्रस्तानात कडेला मातीआड केली. एक ‘आमच्या बापा’ची प्रार्थनासुद्धा कुणी म्हटली नाही — टीचरबेनने नाही म्हटलं होतं ना!

त्या फादरना जेसिंताने कधी माफ केलं नाही. ते मिस्साला उभे राहिले की ती उठून बाहेर जायची. म्हातारे फादर मला विचारायचे, “जेसिंताबेनने शुं थयुं?” — तिला काय झालंय? मी म्हणायचे, दुःख आहे हो, फादर. ते एकदा सावलीला तिच्या घरी गेले, तर तिने दार उघडलं नाही. शेवटी ते वारले, तेव्हाही ती आली नाही. आपलं काय चुकलं, हे त्या माणसाला मरेपर्यंत कळलं नाही.

पुढे तिला मुलगा झाला. धडधाकट, टाहो फोडणारा. बाळंतपणाच्या खोलीतच तिने नर्सच्या हातातला पाण्याचा ग्लास हिसकावला आणि पोराच्या डोक्यावर ओतून स्वतःच बाप्तिस्म्याचे शब्द उच्चारले. घरात सगळे हसले. मी तिथेच होते. तिचे डोळे पाहिले, आणि मीही हसले.

गेल्या वर्षी नव्या फादरनी मोठ्यांसाठी धर्मपरिषदांवर वर्ग घेतला. मी जे गिळलं होतं ते त्यांनी साध्या गुजरातीत सांगून टाकलं — परिषदेचं काय बंधनकारक, काय नाही, आणि तान्ह्या बाळांचं कुणीच काही ठरवलेलं नाही ते. माझ्या शेजारी बसलेली जेसिंता उभी राहिली. “मग आमच्या जुन्या फादरनी विधीला नाही का म्हटलं?” फादर तिच्यासमोर आले. मग सगळ्यांसमोर हात जोडून, न केलेल्या गुन्ह्याची त्यांनी तिची माफी मागितली. मेलेल्या माणसाच्या वतीने! आणि मी? मी पदर नीट केला.

त्याच आठवड्यात कब्रस्तानात मुलीसाठी प्रार्थना झाली. खंडेराव मार्केटमधून फुलं मी नेली होती. एवढ्या वर्षांनी जेसिंता मोकळी रडली. मग वळून माझ्या गळ्यात पडली.

“ताई, तुम्हालाही तेव्हा चुकीचंच शिकवलेलं असणार. पण त्या दिवशी तुम्ही निदान फादरना विचारलं तरी. बाकी कुणी माझ्या पोरीसाठी तेवढंही केलं नाही.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, “असू दे.”