मराठी चालू केलं की लाइन बंद

माझी मैत्रीण बेलापूरला राहते, मी ऐरोलीला. न्हावा शेवा बंदरातला माल सोडवणाऱ्या एका क्लिअरिंग ऑफिसात आम्ही शेजारी-शेजारी बसून कंटेनरचे निरोप फोनलाइनला जोडलेल्या मोडेमवरून पाठवायचो. ऑफिसने जुने संगणक मोडीत काढले, तेव्हा दोघींनी एकेक घरी आणला. दोन्ही अजून चालतात.

गेल्या वर्षी तिचं ऐकणं जवळजवळ गेलं. कानाचं मशीन लावलं तरी नुसता गोंगाट. आपला आवाज किती चढलाय हेही तिला कळेना. घरचे सारखे हाताने ‘हळू, हळू’ खुणावायला लागले. शेवटी तिने बोलणंच सोडलं. मोबाइलवर लिहायला जावं तर बोटं थरथरतात, काचेवर भलतंच अक्षर उमटतं. एकदा कसंबसं तिने मला लिहिलं, “जुना कीबोर्ड बरा होता. त्यावर बोलूया?”

मला हुरूप आला. जुनी फोनलाइन आता दोघींकडे नाही, पण वायफायला जोडली की मोडेमसारखी वागणारी एक छोटी डबी मिळते. दोन मागवल्या, तिच्याकडची मी स्वतः जाऊन बसवली. घरी येऊन टर्मिनल, म्हणजे मोडेमवरून बोलायचा तो जुना प्रोग्रॅम, उघडला. जरा वेळाने काळ्या पडद्यावर तिची अक्षरं आली: KASHI AHES. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मीही तशाच अक्षरांत उत्तर पाठवलं. तिची पुढची ओळ आली: MARATHIT LIHI. HE VACHVAT NAHI.

तिचं बरोबर होतं. मनातलं काही सांगायचं तर ते असं इंग्रजी अक्षरांत कोण सांगणार? ऑफिसच्या पत्रांसाठी घेतलेला मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम दोन्ही संगणकांत होता. तो आधी चालू करायचा आणि मग टर्मिनल, एवढंच तर काम.

मराठी चालू केलं. टर्मिनल उघडलं. लाइन जोडली आणि पहिलं अक्षर दाबताच पडदा गोठला. बंद करून पुन्हा चालू, पुन्हा तेच. मराठीचा प्रोग्रॅम मेमरीत ठाण मांडून बसतो आणि कीबोर्ड आपल्या ताब्यात घेतो. टर्मिनललाही तोच हवा असतो. दोघांच्या ओढाताणीत संगणक मरतो. मी लाइनचा वेग अगदी कमी केला. गोठला. माउस काढून टाकला. गोठला. एक वेगळं टर्मिनल शोधून आणलं. ते गोठलं नाही, पण मराठी अक्षरांची चाळण करून त्याने तिच्याकडे नुसत्या खुणा आणि टिंबं पाठवली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

कित्येक दुपारी यात गेल्या. भाजी करपली. ज्यांनी हे प्रोग्रॅम लिहिले त्यांना विचारावं, तर त्यांचा पत्ताच नाही. एकदा मी कीबोर्डवर मूठ आपटली आणि मग बोट चोळत बसले.

त्या संध्याकाळी मोबाइलवर तिचा आवाजातला निरोप आला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. ती ओरडत होती, “अगं, तुझी ती लाइन गेली खड्ड्यात! तू इकडे ये ना!” मागून सून म्हणाली, “आई, हळू.”

दुसऱ्या दिवशी मी बेलापूरला गेले. तिच्या संगणकावर टर्मिनल उघडलंच नाही, नुसतं मराठी चालू केलं. एक खुर्ची तिची, एक माझी, कीबोर्ड मध्ये. मी लिहिलं, “बोल.” तिने कीबोर्ड ओढून घेतला आणि सावकाश लिहू लागली: घरात सगळे जेवताना हसतात आणि कशाला ते कुणी सांगत नाही. मी तिला विचारलं, तिने उत्तर दिलं. पडदा भरत गेला. सून चहा घेऊन आली, तर तिलाही उभं करून वाचायला लावलं. ती वाचत गेली आणि ट्रे तसाच हातात धरून खाली बसली.

आता मी दर आठवड्याला जाते. ऐरोलीहून बेलापूर काही जवळ नाही, गुडघे दुखतात. मधल्या दिवसांत मी अजून ते दोन प्रोग्रॅम एकत्र चालवून बघते. कालही पडदा गोठला.