अर्बाबांच्या तीन सत्त्या

अर्बाब आपले दोन पत्ते एकदाच बघायचे आणि लगेच चष्मा काढून खिशात ठेवायचे. "चष्मा असला की परत बघावंसं वाटतं, आणि परत बघितलं की समोरच्याला कळतं," म्हणायचे. मूळचे डोंबिवलीचे, ओमानमध्ये गाला नावाच्या भागातल्या एका गॅरेजचे मॅनेजर. अर्बाब म्हणजे मालक. गॅरेजचा खरा मालक दुसराच होता, पण पोकरच्या टेबलावर यांचंच राज्य, म्हणून आम्ही त्यांना हे नाव दिलं.

महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी दहाला त्यांच्या घरी स्पर्धा भरायची. पैशाचं नाव काढायचं नाही. प्रवेश फी म्हणजे घरी केलेला एक पदार्थ. विकतचा हमस आणणाऱ्याला डावात लावायच्या चकत्या, म्हणजे चिप्स, निम्म्याच. बाकीच्यांना मात्र एवढ्या, की टेबलावर कोपर टेकायला जागा नाही. याला डीप स्टॅक म्हणतात. ढीग मोठा, बोली सावकाश वाढणारी, त्यामुळे एका वाईट डावाने कोणी बाद होत नाही. मी नवा होतो तेव्हा फार उतावीळपणा करायचो. अर्बाब म्हणाले, "एवढा ढीग असताना घाई कसली रे? मी ओमानला दोन वर्षांसाठी आलो होतो. सव्वीस झाली."

इतकी वर्षं स्पर्धा भरवून ते स्वतः एकदाही जिंकले नव्हते. निवृत्त होऊन कायमचे परत निघाले, तेव्हा शेवटच्या शुक्रवारी त्यांनी जाहीरच केलं, "आज जिंकूनच जाणार." आणि काय खेळले! चारच्या सुमाराला आम्ही दोघंच उरलो. माझा ढीग त्यांच्याहून जरासाच उंच. बाद झालेले सगळे खुर्च्या ओढून भोवती बसले.

पत्ते वाटले, पाळी त्यांची, आणि फोन वाजला. बरका गावाच्या रस्त्यावर गॅरेजची पिकअप बंद पडली होती. "अरे, पहले बॅटरी का वायर देख. हो जाएगा, इन्शाल्ला. यल्ला, यल्ला," म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. कारण त्यांच्याच टेबलाचा नियम होता: 'खलास' म्हटलं की पत्ते टाकले, 'यल्ला' म्हटलं की सगळा ढीग पुढे. बोललेलं मागे घेता येत नाही.

"फोनवरचं धरायचं नाही," सगळे म्हणाले.

अर्बाबांनी क्षणभर छताकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी ढीग पुढे लोटला. "नियम कोणाचा? माझाच ना?"

माझ्याकडे दोन राजे होते. मी पत्ते टाकायला निघालो, तर ते डाफरले, "कान लाल झालेत तुझे, पत्ते चांगले आहेत. दया नको मला. खेळ."

मी खेळलो. त्यांनी आपले उघडले: सत्ती आणि दुर्री. याहून वाईट हात पोकरमध्ये नाही. मग दोघांचे सामाईक पाच पत्ते उघडू लागले. पहिल्या तिनांत एक सत्ती. चौथी पुन्हा सत्ती! तीन सत्त्या, माझ्या राजांवर भारी. अर्बाब उठून चक्क नाचले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, लाटणं हातात घेऊन बाहेर आल्या. मीसुद्धा ओरडत होतो, त्यांच्याच बाजूने.

पाचवा पत्ता राजा निघाला.

त्यांनी मला घट्ट मिठी मारली. जिंकल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

गेल्या सुट्टीत डोंबिवलीला त्यांच्याकडे गेलो. त्यांचे एक शेजारी गप्पा मारायला आले होते. अर्बाबांनी तो डाव उभं राहून, हातवारे करत सांगितला. तिसऱ्या सत्तीपाशी आले, थांबले आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं.

"म्हणजे जिंकलात की," शेजारी म्हणाले.

अर्बाब माझ्याकडे बघत राहिले.

"हो," मी म्हणालो, "जिंकले."