कांडवेलीची चटणी

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. लालबागला आमच्या चाळीखालून मोर्चा निघाला, की मी पाण्याची कळशी घेऊन खाली धावायची. अशीच एकदा जिन्यात घसरले आणि पायाची नळी मोडली. प्लास्टर घातलं, पण पुन्हा फोटो काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "बाई, हाड अजून सांधायला लागलेलं नाही." माझी गिरणी कामगारांची खानावळ. आता जेवणारेच रांधत होते आणि आमटी रोज खारट होत होती. पाय गेला तर खानावळही गेली, या धास्तीनं मी गावच्या रवळनाथावर रुसले. दिवासुद्धा लावला नाही.

शेवटी एका सकाळी मीच विरघळले. हात जोडून म्हटलं, "बा देवा म्हाराजा, आता मी काय मागणंय नाय. तुका बरा वाटात तसा कर."

त्याच दुपारी दारात एक अनोळखी बाई उभी राहिली. "पाय मोडलेली बाई इथंच ना?"

"हीच की!" मी हसून प्लास्टर दाखवलं.

ती नायगावच्या बीडीडी चाळीतली. पिशवीतून तिनं चौकोनी, पेरापेरांची हिरवी वेल काढली. "ही कांडवेल. आमच्या गॅलरीत डब्यात लावलीय. हाडाला चांगली." ती स्वतःच चुलीशी बसली. कोवळी पेरं सोलून तेलात परतली, चिंच, मिरची, खोबरं घालून वाटली. मी भाकरीशी चटणी खात होते, तेवढ्यात ती म्हणाली, "तुमच्या जाऊबाईंनी फार काळजी केली हो."

"मला जाऊच नाही!"

तिला शेजारच्या चाळीतल्या बाईकडे जायचं होतं. त्या बाईचाही पाय मोडलेला. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मी म्हटलं, "देवानंच धाडलं तुम्हाला."

"मला माझ्या नणंदेनं धाडलं, तीच त्या बाईंची जाऊ," ती म्हणाली. "मी बुद्धाला वंदन करणारी. चिंच मात्र विसरू नका, घसा खाजेल." अर्धी वेल माझ्यासाठी ठेवून ती शेजारी गेली.

दुसऱ्याच दिवशी मी चिंच विसरले. माझा आवाज बसला, नि खानावळीत सगळे शांतपणे जेवले. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "चटणी खुशाल खा, प्लास्टरला हात लावू नका." ती बाई पुढेही वेल आणून देत राहिली. पुढच्या फोटोत हाड सांधू लागलेलं दिसलं.

वेलीनं, प्लास्टरनं की देवानं, हे कोडं मी कधी सोडवायला बसले नाही. त्या सकाळी ओझं खाली ठेवलं आणि मन हलकं झालं, एवढं खरं.

पाय बरा झाल्यावर नारळाच्या वड्या घेऊन नायगावला गेले. तिनं डबा लगेच घेतला नाही. आधी माझ्या पायांकडे पाहत राहिली. "जिना चढून आलात?" मी हात जोडले, तशी ती संकोचली. "अहो, मला कशाला?"

मी म्हटलं, "असू दे गो. नमस्कार पोचायचा तिथे पोचेल."