टीव्हीवरून बोलणारे भाऊकाका

भाऊकाकांना काही बोलायचं असलं की ते आधी टीव्ही लावत. मग टेबलापाशी बसत, गळ्याभोवतीचा मलमलीचा रुमाल सारखा करत आणि समोरचा माणूस टीव्हीकडे वळेपर्यंत थांबत. तो वळला की एका बोटाने टाइप करू लागत.

माझे वडील लवकर गेले, त्यामुळे मी भांडुपला काका-काकूंकडेच वाढले. काका विमा कचेरीत कारकून होते आणि बोलण्याबद्दल त्यांची ख्याती होती. बारसं असो की सोसायटीची सभा, त्यांच्या तावडीतून माणूस सहज सुटत नसे. पुढे घशाच्या कर्करोगात त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशननंतर घरी आले तेव्हा काकूंनी त्यांच्या हातात पाटी दिली.

पाटी वाईट नव्हती, पण लिहून होईपर्यंत थांबायला कोणी तयार नसे. सगळ्यात कमी थांबत ते आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. घराण्यात तेच वडीलधारे. ते पाटीवरचे पहिले दोन शब्द वाचत आणि उरलेलं वाक्य स्वतःच पुरं करत. काकांनी लिहिलेलं असे, ‘डॉक्टर बदलायला’. आतोबा लगेच सांगत, “भाऊ म्हणतो, डॉक्टर बदलायला नको.” काका ‘हवा’ लिहीत तोवर विषय चहावर गेलेला असे. तशाच एका दुपारी काकांनी पाटी भिंतीवर आपटून फोडली. आतोबा म्हणाले, “भाऊ दमलाय. त्याला पडू द्या.”

त्यानंतर काही महिन्यांनी संगणक आला. कचेरीतल्या एका मित्राच्या मुलाने तो आखातातून आणला होता आणि हौस फिटल्यावर माळ्यावर टाकला होता. सगळं यंत्र कळफलकाच्या पोटातच होतं. पडदा मात्र नव्हता. पडदा म्हणून घरचा टीव्ही वापरायचा, आणि दोघांच्या मध्ये साबणाच्या डबीएवढा अडॅप्टर बसवायचा. त्यातून निघणारी वायर टीव्हीच्या पाठीमागे, अँटेनाच्या दोन स्क्रूंना जोडायची. काका आठवडाभर टीव्हीच्या मागे होते. कधी पडद्यावर मुंग्या दिसत, कधी अक्षरं खालून वर पळत. अखेर एका दुपारी ती स्थिर झाली. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. काकांनी पहिलं वाक्य लिहिलं: ‘चहात साखर कमी असते.’

“अहो, एवढा खटाटोप करून हेच सांगायचं होतं?” काकू म्हणाल्या.

‘ऑपरेशनपासून सांगतोय,’ काकांनी लिहिलं.

मी त्यांना विचारलं होतं, की पाटीपेक्षा यात वेगळं काय? त्यांनी लिहिलं, ‘माणसाच्या तोंडाकडे कोण बघतं? टीव्हीकडे सगळे बघतात.’ ते खरंच होतं. घरात आलेला माणूस टीव्ही लागला की गप्प बसतो, ही त्या काळची सवय होती. काकांचं बोट पुढचं अक्षर शोधत असे, तोवर माणसं पडद्याकडे बघत थांबलेली असत. आतोबांना वाक्य पुरं करता येईना, कारण ते खोलीतले सगळेच वाचत होते. पूर्वी तासतासभर बोलणारे काका आता तीन-चार शब्दांत आटोपत. त्यातले पुष्कळसे टोमणे असत. आतोबा जेवून ढेकर देत तेव्हा पडद्यावर उमटे, ‘मंजूर.’

आमच्या जिन्यातल्या तीन घरांत मिळून गच्चीवर एकच अँटेना होती. संगणक लावायचा तर तिची वायर सोडवायला हवी, आणि पुन्हा जोडली की चित्र बिघडतं म्हणून काकू कुरकुरत. काकांनी मग दोन्ही वायरींची टोकं एकत्र पिळून त्याच दोन स्क्रूंखाली दाबली. संगणक ते दुपारी लावत. तेव्हा टीव्हीवर कार्यक्रम नसत आणि शेजारचे टीव्ही बंदच असत, त्यामुळे या जोडणीने काय होतं ते कोणालाच कळलं नाही.

मी तेव्हा घाटकोपरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. दहिसरच्या परबांच्या मुलाने मला पसंत केलं होतं, आणि बैठक आमच्याकडे ठरली होती. लग्नानंतर मी नोकरी सोडावी असं त्यांचं म्हणणं आहे, हे आधीच कानावर आलं होतं. मला सोडायची नव्हती. ते मी काकूंना सांगितलं, त्यांनी काकांना सांगितलं. मुलीने स्वतः बैठकीत बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती. शब्द द्यायचा तो वडीलधाऱ्यांनी, आणि एकदा दिला की तो फिरवायचा नाही.

मंडळी रविवारी चारला यायची होती. आली सहानंतर, टीव्हीवरचा सिनेमा सुरू झाल्यावर. काकांनी तरीही टीव्ही लावला. अक्षरांच्या मागे सिनेमातली माणसं सावल्यांसारखी हलत होती. मानपानाचं झालं, तारखेचं झालं. मग परब म्हणाले, “दहिसरहून घाटकोपर म्हणजे मुलीचे हालच. घरी राहिली तर बरं.”

“अलबत!” आतोबा म्हणाले. “भाऊचंही तेच मत आहे. नोकरी सोडेल ती.”

काकांनी कळा दाबायला सुरुवात केली. ‘नाही.’ मग पुढची ओळ: ‘मालती नोकरी सोडणार नाही.’

“तसं नाही हो,” आतोबा हसून परबांना म्हणाले. “भाऊला म्हणायचंय, लगेच सोडणार नाही. अरे भाऊ, गप रव जरा!”

त्याच वेळी दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे सामंत बनियनवरच वर आले होते. पाहुणे बघून ते उंबऱ्यातच थबकले. “माफ करा हं. पण भाऊ, आमच्या टीव्हीवर नायिकेच्या तोंडावर आलंय, मालती नोकरी सोडणार नाही. शेजारच्यांकडेही आलंय. सगळे विचारतायत, तिला नोकरी सोड म्हणतंय कोण?”

आतोबांनी टीव्हीकडे बघितलं, मग सामंतांकडे. तीन घरांत वाचलं गेलेलं वाक्य आता दुरुस्त करता येणार नव्हतं. परबांनी सावकाश चहा संपवला. “कळवतो,” म्हणाले. काय कळवणार, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ते गेल्यावर आतोबा कडाडले, “चांगलं स्थळ हातचं घालवलंस!”

काकांनी लिहिलं, ‘स्थळ गेलं. मुलगी आहे.’ आणि टीव्ही बंद केला. त्यांचं बोलणं संपलं की ते टीव्ही बंद करत, त्यामुळे आतोबांना पुढे भांडता आलं नाही.

दुखणं पुढच्या हिवाळ्यात उलटलं. शेवटचे काही दिवस काकांना बोटही उचलवत नव्हतं. काकू त्यांच्या डोळ्यांकडे बघून त्यांना काय हवं ते ओळखत, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असे. एका सकाळी ते गेले. संगणक मित्राकडे परत गेला.

दोन वर्षांनी माझ्यासाठी पुन्हा एक बैठक बसली. या वेळीही नोकरीचा विषय निघाला. आतोबांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते माझ्याकडे वळून बघत राहिले. सगळेच बघू लागले. खोलीत टीव्ही बंद होता. उत्तर मी दिलं.