पंचविसावी मालिका

मी आज जो काही आहे तो दर्यापूरच्या शाळेतल्या गणिताच्या सरांमुळे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण नववीत त्यांनीच मला नापास केलं होतं, चौतीस गुणांवर. वडील एका दिवसाची मजुरी बुडवून शाळेत आले, त्यांनी हात जोडले. सर भर वर्गात म्हणाले, "चौतीसले पस्तीस कसं म्हणू, बाप्पा? उद्या तुमी म्हणसान, याले कलेक्टर म्हणा." वर्ग हसला. वडीलही कसनुसं हसले. पुढे वर्षभर सरांनी मला रोज शाळेआधी घरी बसवून गणित शिकवलं.

सरांना कसोटी क्रिकेटचा नाद. अख्ख्या मालिकेतला चेंडू न् चेंडू ते हातानं वहीत उतरवत. एक षटक जरी पाहायचं राहिलं तरी ती मालिका ते धरत नसत. लोडशेडिंगनं त्यांच्या कितीतरी मालिका अशा बुडवल्या. पूर्ण अशा चोवीस जमल्या होत्या. त्यांना पंचवीस करायच्या होत्या.

मग पक्षाघातानं उजवा हात गेला, नजरही अधू झाली. सर अकोल्याला जठारपेठेत मुलाकडे राहायला आले. पाच कसोट्यांची मालिका जाहीर झाली तेव्हा त्यांनी मला अमरावतीहून बोलावून घेतलं. "डोये तुये, वही माही," ते म्हणाले. "तू पाह्यला तो चेंडू मी पाह्यला असं धरतो." मी माझ्या सगळ्या रजा तिथे घातल्या.

दुसऱ्या कसोटीत आपला एक फलंदाज नव्व्याण्णववर पायचीत झाला. सर खोकला लागेस्तोवर हसले. "बसला! बॅट वर करायची तयारी करून राहिला होता!" एका गोलंदाजाचा पाचवा बळी स्लिपमध्ये सुटला. "चार लिही. सुटला तो सुटला." तो नव्व्याण्णववाला अखेर मालिकेत पाचशेला दोन धावा कमी पडला, तेव्हा तर सरांनी मला ती बेरीज तीनदा वाचायला लावली.

शेवटच्या दिवशी दुपारी औषधानं त्यांना डुलकी लागली. ऑफिसचा फोन आला म्हणून मी गॅलरीत गेलो. परत आलो तर एक षटक होऊन गेलेलं. मोबाइलवर शोधून सहाही चेंडू वहीत भरले.

सर जागे झाले. "काही गेलं तर नाही ना बे?"

"नाही सर."

सामना संपल्यावर त्यांनी पेढे आणवले. शेजाऱ्यांना, डॉक्टरांना, दूधवाल्याला सांगितलं, पंचवीस झाल्या. सूनबाई म्हणाल्या, आजारपणानंतर बाबा आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

आठ दिवस मी गप्प राहिलो. फोनवर त्यांचा आवाज ऐकला असता तर मला खरं सांगता आलं नसतं, म्हणून पत्र लिहिलं:

"आदरणीय सर,

शिरसाष्टांग नमस्कार. शेवटच्या दिवशी चहापानानंतरचं तिसरं षटक मी पाहिलं नाही. मी फोनवर होतो. ते मोबाइलवरून उतरवलं आणि तुमच्याशी खोटं बोललो. तेव्हा मालिका चोवीसच धराव्यात. सूनबाई हे वाचून दाखवतील, त्यांच्यावर चिडू नये. पुढच्या वेळी वही दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावी.

आपला विद्यार्थी"