पेशींना दम खाऊ द्या

प्रयोगशाळेत तिला सगळे तारवाली म्हणत. शिक्षण रसायनशास्त्राचं, पहिली नोकरी बॅटरीच्या कारखान्यात, आणि जीव जडला तो जिवंत पेशींवर. रसायनवाले म्हणत, ही जीवशास्त्राची. जीवशास्त्रवाले म्हणत, ही तारा घेऊन आलेली पाहुणी. थोरली बहीण तर तोंडावर सुनवायची, "एक ना धड, भाराभर चिंध्या." तारवाली हसून सोडून द्यायची. हाताला कसब असलं की माणसाला असं हसणं परवडतं.

कसब असं, की केसाहून बारीक कार्बनच्या तंतूचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली एकाच पेशीला अलगद टेकवायचं. पेशीच्या पोटात रसायनाच्या इवल्या पिशव्या असतात. पेशीने एखादी बाहेर उघडली की रसायन तंतूवर येतं, त्यातून विजेचा क्षीण प्रवाह निघतो आणि पडद्यावर सुळका उठतो. जितकं रसायन जास्त, तितका सुळका मोठा. तारवालीने दाखवलं होतं, की एक विशिष्ट औषध दिलं तर पेशी पिशवी पुरती रिकामी करतच नाही. वाटीभर साखर मागावी आणि शेजारणीने चिमूटभर घालून दार लावावं, तसा प्रकार.

शोधनिबंध छापून आला, कौतुक झालं. आणि मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून निरोप आला: आमच्याकडे औषधाने सुळके लहान होत नाहीत, आपण येऊन दाखवाल का? भाषा लोण्यासारखी मऊ होती, पण अर्थ तिला कळला. दाखवा, नाहीतर निबंध मागे घ्या.

तिची झोप उडाली. चूक झाली असती तर तिने कबूल केली असती, त्यात तिला कमीपणा वाटत नव्हता. भीती वेगळीच होती. आपल्याला जे हवं होतं तेच आपण पाहत बसलो की काय? तसं असेल तर आजवरचं सगळंच गेलं.

"खोटं ठरलं तर मागे घे," नवरा म्हणाला. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. "कुणी फाशी देणार नाही."

तंतूंचा डबा मांडीवर घेऊन ती प्रवासाला निघाली.

तिथले प्रमुख म्हणजे शिस्तीचा पुतळा. वायरीसुद्धा भांग पाडल्यासारख्या सरळ. यंत्र अगदी नवं, बटण दाबलं की तयार. तारवालीने औषधाच्या द्रावणाने पेशी धुतल्या, बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तंतू टेकवला. सुळके उठले ते चांगले उंच. दुसऱ्या बशीत तेच. तिसरी बशी ठेवली आणि तिचा धीरच सुटला.

"सर, बहुतेक माझंच चुकलंय."

"हरायचं ते हरा, पण उपाशीपोटी नको," सर म्हणाले. "चला, आधी चहा घेऊ."

बशी तशीच ठेवून दोघं उपाहारगृहात गेली. परत आली ती सामान आवरायला, पण हाताने सवयीने तंतू खाली नेला. सुळके उठले. लहान!

तिने कपाळावर हात मारून घेतला.

"सर, माझं यंत्र जुनं आहे हो. तापायला वेळ घेतं. बशी लावून ठेवायची आणि तोवर बाहेर जाऊन चहा घ्यायचा, ही माझी वर्षानुवर्षांची सवय. इथे तुमचं यंत्र तयार, आणि परक्या घरी चहा मागायचा तरी कसा? धुतल्यावर पेशी बिथरत असणार. माझ्याकडे त्यांना दम खायला मिळतो, म्हणून औषधाचा गुण दिसतो आणि बिनऔषधाच्या पेशींचे सुळके मोठेच राहतात. इथे दम मिळालाच नाही!"

"आणि हे निबंधात?"

"चहा घेतला, असं कोण लिहितं?"

सर हसले, पण विश्वास ठेवायला तयार नव्हते, आणि तिलाही तेच हवं होतं. मग सरांनी नव्या बशा स्वतः धुतल्या. काही थांबवल्या, काही लगेच दिल्या. कुठली कोणती, ते फक्त त्यांना ठाऊक. चहाला मात्र बंदी. ती सुळके बघून सांगत गेली: थांबलेली, बिनथांबलेली, थांबलेली. एकदाही चुकली नाही. शेवटी सरांनीच खुर्ची मागे सारली.

"बाई, निबंध राहू द्या. एका वाक्याची दुरुस्ती तेवढी छापा."

तिने व्हरांड्यात येऊन नवऱ्याला फोन लावला.

"काय गं? मागे घ्यायचं का?"

"नाही. एक वाक्य घालायचं, बस."

"एका वाक्यासाठी मी महिनाभर घरात चवड्यांवर चालतोय?"

तिला हसू आलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

"मला बशा ओळखायला लावल्या रे," ती म्हणाली. "न सांगता. म्हणजे मी खरंच पाहिलं होतं."

"पाहिलं होतंसच," तो म्हणाला. "ये आता घरी."