अक्कलकोटची एसटी

आमच्या मामांइतकी माणसं मारलेला गृहस्थ अख्ख्या सोलापुरात दुसरा सापडायचा नाही, आणि घरात झुरळ निघालं की हेच पहिले खुर्चीवर चढतात! मामा मुंबईच्या सीरियली लिहितात. एखाद्या नटाला दुसरीकडे काम मिळालं की मामा त्याला घाटात ढकलतात, भिंतीवर हार घातलेला फोटो लावतात आणि निवांत शेंगाचटणी-भाकरी खायला बसतात. पण जीव अडकलाय नाटकात. तरुणपणी इथंच नाटकांमागून नाटकं लिहिली, बसवली. स्वतः मात्र रंगमंचावर कधी पाऊल टाकलं नाही, भीतीच वाटायची. विंगेत उभं राहून सगळ्यांचे संवाद, अगदी बायकांचेसुद्धा, हातवारे करत पुटपुटायचे. त्यांच्याकडे बघता बघता नट आपलं वाक्य विसरायचे! गल्लीत भांडण लागलं की हे ओट्यावर हजर. ते मिटायला आलं की कळवळून म्हणणार, "अहो, मधेच काय सोडताय? दुसरा अंक राहिला की!" मामींनी तर भांडणंच सोडलंय. "काय बोललं की लिवून काढतंय हे माणूस," म्हणतात.

मुंबईच्या सीरियली धरल्यापासून गावानं त्यांना 'सीरियलवाले' करून टाकलं. ते त्यांना फार झोंबायचं. म्हणून पुष्कळ वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, त्यांनी इथं नवं नाटक लावलं. घर सोडून गेलेला बाप दुसऱ्या अंकाच्या शेवटी परत येतो, एवढीच गोष्ट. बाप म्हणजे अक्कलकोटचे सिद्रामकाका, मामांचे जिवलग दोस्त. "हे पडलं तर परत नाटकाचं नाव काढणार न्हाय," मामा मला म्हणाले.

आणि दुसरी घंटा झाली तरी सिद्रामकाकांचा पत्ता नाही! फोन बंद. खरं तर त्यांचं काम शेवटाला, थांबायला चिक्कार वेळ होता. पण मामांना सीरियलीची सवय. "मारून टाका!" म्हणाले. बाहेरच्या फ्लेक्सवरून काकांचा चेहरा कात्रीनं कापला, मेकअपच्या आरशावर चिकटवला, नटराजाच्या पूजेचा हार घातला आणि शेवट बदलला. आता बाप गेल्याची बातमी येणार, सगळे रडणार, पडदा.

शेवट आला. स्टेजवर आणून ठेवलेल्या त्या आरशापुढं हंबरडा, प्रेक्षकांत मुसमुस. आणि मागच्या दारानं धापा टाकत आलेले सिद्रामकाका, कुणी अडवायच्या आत, थेट स्टेजवर! "आलो रे पोरांनो!" समोर त्यांच्याच फोटोला हार. ते थिजले, बाकीचेही थिजले. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. संपलं सगळं, मला वाटलं. तेवढ्यात विंगेतून मामा, जन्मात पहिल्यांदा, पायात चपला तशाच, आत शिरले. फोटोचा हार काढून काकांच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "लई घाई केली रे आमी. जरा वाट बघायला पायजे होती."

काय त्या टाळ्या! काय त्या शिट्ट्या! लोक उभे राहिले, मी तर खुर्चीवरच चढले. बाहेर एका आजोबांनी मामांचा हात धरला. "नाटककार, पुढचं कधी?" म्हणाले. मामा लहान पोरासारखे रडले. सिद्रामकाका मात्र अजून सगळ्यांना सांगतच होते, "एसटी पंक्चर झाली वो, म्या काय करू!"

पुढचं नाटक लिहून तयार आहे. त्यातही बाप आहे, पण ते काम मामा कुणालाच देत नाहीत. सिद्रामकाका उन्हाळ्यात गेले. या खेपेला खरंच. आरशावरचा तो चेहरा मामांनी आपल्या खोलीत लावलाय. परवा मामींनी हार आणला, तर मामांनी त्यांचा हात धरला.

"थांब जरा," म्हणाले. "अक्कलकोटची एसटी लेट असंल."